सर म्हणाले ‘जेसीबी बोलवा’, आणि मीही हसले

आदरणीय डॉक्टर,

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. सध्या सर्जरीची पोस्टिंग चालू आहे. मागच्या आठवड्यात बेंबीच्या हर्नियाची केस होती. मावशी पन्नाशीच्या, वजन १०८ किलो. स्पायनल (कमरेखालचा भाग बधिर करायचं पाठीतलं इंजेक्शन) देताना अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमना जागा सापडेना, तीनदा टोचावं लागलं. तेव्हा आमचे सर म्हणाले, “जेसीबी बोलवा आता.” सगळे हसले. मीही हसले. मावशींना बसवून पुढे वाकवलं होतं आणि त्यांचे खांदे धरून समोर मीच उभी होते. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलेलं होतं. हसताना माझं अंग हललं, ते त्यांना कळलंच असणार.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना त्या मला म्हणाल्या, “बाळा, तुझा हात हलका आहे.” त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी आई साधारण त्यांच्याच वजनाची आहे. सासवडला असते. दोन वर्षांपूर्वी गुडघे दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरांनी हातही न लावता “आधी २५ किलो उतरवा, मग या” म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून ती कुठल्याच डॉक्टरकडे जात नाही. मी स्वतः सडपातळ आहे, वडिलांसारखी. त्यांना मधुमेह आहे.

मी सरांशी बोलू का? तक्रार करू? की इंटर्नशिप संपेपर्यंत गप्प बसू? मावशी येत्या गुरुवारी टाके काढायला येणार आहेत.

— गुरुवारची धास्ती घेतलेली

ता. क. आई परवा फोनवर म्हणाली की अधूनमधून थोडं रक्त दिसतं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हटलं, सुट्टीला आले की बघू.

---

प्रिय इंटर्न,

मी ता. क. पासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू तिथे टाकली आहेस. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईला रक्त दिसतंय आणि तिची डॉक्टर लेक “सुट्टीला आले की बघू” म्हणते? व्हायव्हात कुणी हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला सहा महिन्यांनी परत बोलावलं असतं. पाळी बंद झाल्यावर डागभर रक्त दिसलं तरी तपासायचं, हे गायनॅकच्या पोस्टिंगमध्ये तू शंभरदा ऐकलं असशील. वजन जास्त असलेल्या बाईच्या बाबतीत तर जास्तच तातडीने, कारण पाळी थांबल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार होत राहतं आणि गर्भाशयाच्या अस्तराला खतपाणी मिळत राहतं. घाबरू नकोस. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: सुकलेलं अस्तर, नाहीतर एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब. पण ढोबळमानाने दहातल्या एकीला कर्करोग निघतो, आणि तो लवकर सापडला तर बहुतेकींना ऑपरेशननंतर बरं वाटतं ते कायमचं. तेव्हा हे वाचून झालं की आधी सासवडला फोन. आईला कसं न्यायचं ते शेवटी सांगते.

आता ओटीकडे येऊ.

तू का हसलीस हे मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच टेबलाशी उभी राहिले आहे. युनिटचे सर विनोद करतात तेव्हा हसणं हे स्क्रब करण्यासारखंच असतं, हात आपोआप चालतात. त्याची तालीम आपल्याला फार आधीपासून मिळालेली असते. पित्ताशयातले खडे कुणाला होतात? “फॅट, फीमेल, फर्टाइल, फॉर्टी.” तुम्हालाही हेच पाठ करायला लावलं असणार. काही शिक्षक त्यात “फेअर” घालून पाच करायचे. मी स्वतः पंचवीस वर्षं हे शिकवलं, आणि “फॅट” म्हणताना फळ्यावर खडूने एक मोठं वाटोळं काढायचे. वर्ग हसायचा, मुलांच्या लक्षात राहायचं, मला वाटायचं काय छान शिकवते मी. घाईघाईने वजन उतरवलं तरी पित्ताशयात खडे होतात, हेही पुस्तकात असतं. काडीसारखे पुरुषही खडे घेऊन येतात. पण त्यांचं वाटोळं काढता येत नाही, म्हणून ते फळ्यावर आलेच नाहीत.

अमेरिकेत ४९ मेडिकल कॉलेजांमधल्या पहिल्या वर्षाच्या ४,७३२ विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ साली छापून आली. ७४ टक्के मुलांच्या मनात नकळत, आणि ६७ टक्क्यांच्या मनात उघड उघड, जाड माणसांबद्दल अढी होती. पहिल्या वर्षाला! म्हणजे ही अढी घरून डब्यात बांधून आणलेली. त्याच विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी पुन्हा गाठलं तेव्हा नकळतची अढी थोडी ओसरली होती, पण उघड अढी वाढली होती. आणि ज्यांनी आपल्या शिक्षकांना अशा पेशंटबद्दल वाईटसाईट बोलताना ऐकलं होतं, त्यांच्यात ती वाढण्याकडे कल होता. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये काय निघेल याचा अंदाज तूच कर, तू आत आहेस.

पण मला तुला हसण्यापेक्षा त्याच्यानंतर काय होतं ते सांगायचं आहे.

१९८१ साल असेल. मी पुण्यातल्याच एका रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट होते. मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई ओपीडीत आल्या. वजन ८५च्या आसपास, तक्रार दम लागण्याची. जिना चढला की दम, पाटी उचलली की दम. मी बसल्या जागी स्टेथो लावला, दोन सेकंद ऐकल्यासारखं केलं आणि केसपेपरवर लिहिलं: ‘वजन कमी करणे’. त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात तेच वाक्य. तिसऱ्या खेपेला माझ्याबरोबरचा रेसिडेंट काहीतरी बोलला आणि आम्ही दोघं हसलो. काय बोलला ते आता आठवत नाही, हसलो ते आठवतं.

दोन वर्षांनी त्या आपल्या जावेला घेऊन आल्या. मला ओळखलं. पदर जरा बाजूला करून डाव्या स्तनाखालचा लांब व्रण दाखवला. मुंबईला ऑपरेशन झालं होतं, हृदयाची झडप चिकटली होती. मायट्रल स्टेनोसिस. त्या काळी वॉर्डात दर दोन खाटांमागे दिसणारा आजार. डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोची बेल टेकवून शांतपणे ऐकलं असतं तर आमच्या तेव्हाच्या इंटर्नलाही सापडला असता. मी वळवलं नाही. ८५ किलोच्या बाईला वळवायचा कंटाळा, आणि कारण तर डोळ्यांसमोर दिसतच होतं! त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमचं ऐकून आठ महिने रात्रीचं जेवण सोडलं होतं बाई मी. वजनबी उतरलं. दम काय जाईना.”

माझं म्हणणं एवढंच आहे बघ. वजन ही तपासणीची सुरुवात असायला हवी होती, मी तिथेच तपासणी संपवली. पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाची यंत्रं असायची, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. माझे तेव्हाचे केसपेपर साधारण तसेच होते. तुझ्या आईच्या गुडघ्यांचं जे झालं, तेही तेच. त्या डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा वाचला आणि भविष्य सांगून टाकलं.

गैरसमज नको. वजनाचा गुडघ्याशी संबंध आहेच. एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे मोजलेलं आहे. आईला ते सांगायला काहीच हरकत नव्हती, पण गुडघा हातात घेऊन. सूज आहे का, पाणी भरलंय का, गुडघा मध्येच अडकतो का, मांडीचे स्नायू किती उरलेत. मांडीचे व्यायाम तर १०० किलोच्या बाईलाही त्याच दिवशी सुरू करून देता येतात, त्यासाठी २५ किलोंची पूर्वअट कशाला? पुण्यात अजून काही डॉक्टर दुखऱ्या गुडघ्याच्या बायकांना “रोज पर्वती चढा” म्हणून सांगतात. झिजलेल्या गुडघ्यांनी इतक्या पायऱ्या चढून उतरायच्या म्हणजे वजनाआधी गुडघेच संपायचे.

आणि “चार बोल लावले की सुधारतात” असं तुझे सर म्हणत असतील तर त्यांच्या बाजूने आकडे नाहीत. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे ३,००० माणसांना चार वर्षं पाहिलं. ज्यांना वजनावरून हिणवलं गेल्याचा अनुभव होता त्यांचं वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढलं, बाकीच्यांचं थोडं उतरलं. यावरून हिणवल्यानेच वाढलं असं सिद्ध होत नाही म्हणा. पण हिणवल्याने उतरतं, असं तर मुळीच नाही. वजन कशाने ठरतं याचं बरंच गणित जन्मतःच मांडलेलं असतं. जुळ्यांवरच्या बहुतेक अभ्यासांत त्यातला निम्म्याहून जास्त वाटा वारशाचा निघतो. हे तू फिजिऑलॉजीत वाचलंस आणि ओटीत विसरलीस. मीही विसरले होते.

जरा तुझ्याबद्दल. “मी स्वतः सडपातळ आहे” हे तू ज्या सुरात लिहिलंस, त्यावरून वाटलं की तुला या सगळ्यातून सूट मिळालीय असं वाटतंय. तुझ्या कॉलेजापासून रास्ता पेठ काही लांब नसेल. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, शेजारी शेजारी उभे राहून. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं पाहिली. सरासरी २.७ किलोची ती बाळं, इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा हाडकुळी दिसणारी, पण चरबी त्यांनी राखून ठेवलेली. बाकी सगळं कमी, चरबी तेवढी जवळपास तितकीच. तेव्हा वडिलांना मधुमेह असलेल्या सडपातळ मुली, तू एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घे. जाड पेशंटला आपण वजनापुढे तपासत नाही, आणि बारीक पेशंटला वजन नाही म्हणून तपासत नाही. काट्यावर विसंबण्याची शिक्षा दोघांनाही होते, फक्त बारीक माणसाला कुणी हसत नाही.

आता गुरुवार.

टाके तू काढ. सिस्टरांना सांगून ठेव की या मावशींचे टाके मी काढणार आहे. पडदा ओढून घे. टाके काढून झाल्यावर, आधी नाही, म्हण: “मावशी, त्या दिवशी टेबलावर आम्ही हसलो. मीही हसले. चुकलं माझं.” एवढंच. “सर तसे नाहीत हो” नको, “मला झोप आली नाही” तर नकोच नको. तुझी झोप हा त्यांचा प्रश्न नाही. त्या “असू दे बाळा” म्हणतील किंवा काहीच म्हणणार नाहीत, विषय बदलून नातवाबद्दल बोलतील. जे बोलतील ते ऐक. कदाचित म्हणतील की त्यांना ऐकूच आलं नव्हतं. तेही ऐकून घे आणि त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करू नकोस.

काही जण म्हणतील, कशाला जखम उकरायची. मला तसं वाटत नाही. त्या तुझ्या हाताला हलका म्हणाल्या, ते कौतुक होतं की “तुझं हसणं मला कळलं होतं, तरी सांगते” असं काही होतं, हे मी चार वेळा पत्र वाचूनही ठरवू शकले नाही. बायकांना असं बोलता येतं. माफी मागितलेली चुकीची ठरली तर फार तर थोडं अवघडल्यासारखं होईल. न मागितलेली तुझ्या हाताला चिकटून बसेल.

सरांशी बोलायचं का? चारचौघांत अजिबात नाही. इंटर्नने ओटीत सरांना शिकवल्याची गोष्ट कँटीनमध्ये दोन दिवस चवीने सांगितली जाते, नंतर तुझी ड्यूटी रविवारची लागते, आणि बदलत काही नाही. त्याऐवजी पुढच्या वेळी हसू नको, आणि कामाचा प्रश्न विचार. “मॅडम, लांब सुई आणू का?” नेहमीची स्पायनलची सुई साधारण ९ सेंमीची असते, त्याहून लांबही मिळते. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मणक्यांमधली जागा आधी हेरता येते. त्या दिवशी कमी काय होतं? लांब सुई आणि पाच मिनिटांची तयारी. दोष मावशींच्या पाठीवर ढकलला गेला. तुझ्या त्या एका प्रश्नाने तो पुन्हा ट्रॉलीवर येऊन बसतो, आणि कुणाचा अपमानही होत नाही. अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमना तर हायसंच वाटेल. तीनदा टोचताना त्याही घामाघूम झाल्या असणार.

एकट्याने बोलायचंच असेल तर राउंड संपल्यावर, सर चहाला निघाले की. “सर, त्या पेशंट जाग्या होत्या, त्यांनी ऐकलं बहुतेक.” बातमी द्यावी तसं सांग, आरोप करावा तसं नको. बरेच सर्जन स्पायनलखालच्या पेशंटला कान असतात हेच विसरलेले असतात. काहींना खरोखर वाईट वाटतं. नाही वाटलं तरी पुढच्या वेळी त्यांना आठवेल की समोरची इंटर्न ऐकते आहे.

तक्रारीचंही सांगते, कारण तू विचारलंस. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली पेशंटच्या हक्कांची सनद तयार केली, तिच्यात सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे. आपल्या राज्यात खाजगी दवाखान्यांनी पेशंटच्या हक्कांची अशी सनद भिंतीवर लावायची असा नियम २०२१पासून आहे. लावलेली असते हं, बहुधा फायर एक्स्टिंग्विशरच्या मागे. तुझ्या सरांचं एक वाक्य घेऊन तू एकटी डीनकडे गेलीस तर काय होईल हे तुलाही ठाऊक आहे. पण असं वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव, आणि दोघी-तिघींनी मिळून जा. इंटर्नशिपच्या लॉगबुकवर सही झाल्यावर गेलीस तरी मी तुला भित्री म्हणणार नाही. सीनियर मुलं तुमच्यातल्याच कुणाला अंगावरून, दिसण्यावरून छळत असतील तर ती गोष्ट वेगळी: २०१६पासून यूजीसीच्या व्याख्येत तेही रॅगिंगच आहे, तिथे थांबायचं कारण नाही.

तुमच्या बॅचला एटकॉमचे तास होते ना? वृत्ती, नीतिमत्ता, संवाद. २०१९पासून सगळ्या कॉलेजांना बंधनकारक आहेत. माझ्या कानावर येतं की तिथे मुलं हजेरी लावून मोबाइल बघतात, कारण उदाहरणं पुस्तकी असतात. एटकॉम घेणाऱ्या मॅडमना तुझी गोष्ट नाव-गाव काढून दे. खांद्यावर टेकलेलं डोकं आणि हलणारं अंग. मोबाइल खाली जातील.

ओपीडीत तुझ्या हातात याहून पुष्कळ काही आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बीपीचा पट्टा घे. बहुतेक ओपीडीत एकच मधला पट्टा असतो आणि तो सगळ्यांना गुंडाळतात. दंड जाड असेल तर वेल्क्रो फटाफट सुटतं, मग सिस्टर हाताने दाबून धरतात. २०२३ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका चाचणीत दिसलं की ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ने जास्त येतो. म्हणजे १२४ची बाई १४३ची होते आणि आयुष्यभराची गोळी घेऊन घरी जाते. वर पुन्हा “वजनामुळे बीपी वाढलंय” हे ऐकून. स्टोअरमध्ये मोठा पट्टा असतो, मागितला की मिळतो, मागत कुणी नाही. टेप खिशात ठेव. दंडाचा घेर ३४ सेंमीच्या वर गेला की मोठा पट्टा.

वजन घेण्याची जागा बघ. आमच्याकडे काटा व्हरांड्यात असायचा आणि वॉर्डबॉय मामा आकडा ओरडून सांगायचे, टेबलावरच्या सिस्टरला ऐकू जावा म्हणून. “ब्याण्णव!” अख्खी रांग वळून बघायची. मामांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं तर ते लिहितात, मी करून बघितलंय. केसपेपरची सुरुवात “५२ वर्षांची ओबीज फीमेल” अशी करू नको. आधी तक्रार लिही, वजन जिथे लिहायचं तिथे लिही. आणि वजनावर बोलण्याआधी विचार: “वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का?” दहातल्या आठ जणी हो म्हणतात, उरलेल्या दोघी पुढच्या वेळी म्हणतात. लॅन्सेटच्याच तज्ज्ञांच्या आयोगाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून आजार ठरवू नका. कमरेचा घेर मोजा, आणि वजनाने कुठल्या अवयवाचं काम बिघडलंय ते शोधा. म्हणजे शेवटी तपासाच, की.

शब्दांचंही जरा बघ. आपली भाषा मोठी गमतीची. माझ्या आजीच्या काळी “अंगावर मूठभर मांस चढलं” हे कौतुक होतं आणि “किती वाळलीस गं” ही काळजी. “तब्येत सुधारली” म्हणजे जाड झाली, हे अजूनही म्हणतात, आणि त्यात “सुधारली” हा शब्द आहे! पगार लठ्ठ असला तर पेढे, माणूस लठ्ठ असला तर खिदळणं. सरकारी पत्रकात लठ्ठपणा छापतात, पण टेबलापलीकडच्या बाईला तो शब्द शिवीसारखा लागतो. मी “वजन जास्त आहे” एवढंच म्हणते. साधं आहे, आणि त्यात ती बाई वेगळी राहते, वजन वेगळं राहतं.

आता आई.

ती “परत तेच ऐकायला कशाला जायचं” म्हणेल. तिचं बरोबर आहे, म्हणून तिच्याशी वाद घालू नको. हे गुडघ्याचं नाही, वजनाचं नाही, रक्ताचं आहे, आणि त्यासाठी तू स्वतः बरोबर येणार आहेस, एवढंच सांग. गायनॅकच्या पोस्टिंगमध्ये तुला ज्या मॅडमचा हात आणि तोंड दोन्ही आवडलं असेल, त्यांना आधी फोन कर: “मॅडम, माझी आई येतेय. पाळी गेल्यावर रक्तस्राव. वजनावरून तिला फार ऐकावं लागलंय, आज तो विषय नको.” कुठलीही शहाणी डॉक्टर हे समजून घेते. आतून तपासायचं मोठं स्पेक्युलम आणि रुंद टेबल तयार ठेवायला सांग, म्हणजे आत गेल्यावर शोधाशोध नको. त्या शोधाशोधीतच बायका मरणाच्या लाजतात. आईला सुती परकर आणि साडीच नेसू दे, तिथला आखूड गाउन तिला पुरणार नाही आणि तेवढ्यावरून ती परत फिरेल.

आत तू बरोबर जा, पण लेक म्हणून. आईच्या वतीने सगळी हिस्टरी तूच सांगू नको. आणि एक वाक्य तिला पाठ करून दे, मी माझ्या पेशंटना देते तेच. डॉक्टर वजनावर घसरलेच तर तिने म्हणायचं: “डॉक्टर, हाच त्रास बारीक बाईला असता तर तुम्ही काय काय तपासलं असतं? तेवढं माझंही तपासा.” सासवडच्या बाया बोलायला कमी नसतात, एकदा वाक्य हाती आलं की ती तुझ्यापेक्षा ठसक्यात म्हणेल.

गुडघ्यांचं नंतर बघू, पण बघायचं नक्की. मांडीचे व्यायाम तूच शिकव, खुर्चीत बसून करायचे. वजनासाठी आता नवी इंजेक्शनंही आली आहेत, ती तिला लागू पडतात की नाही हा रिपोर्ट आल्यानंतरचा, आणि तिने विचारलं तरचा प्रश्न.

फोन आज कर. येत्या सोमवारी न्यायचं असं सांग, “या महिन्यात कधीतरी” असं नको. योनिमार्गातून सोनोग्राफी करायची, आणि गरज वाटली तर ओपीडीतच बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणी. अस्तर ४ मिमी किंवा त्याहून पातळ असेल तर बरीचशी चिंता मिटते, तरी रक्त पुन्हा दिसलं तर पुन्हा जायचं. आईला सांग, या खेपेला तिची एकच जाडी मोजणार आहेत, आणि ती मिलिमीटरमध्ये. हसली तर तिला हसू दे.

आकडा आला की मला कळव.